समोर माणूस होता की कागद? : चित्रांवरून काढलेल्या जुन्या फोटोंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातली छोटी फोटोकार्डं मी बरीच वर्षं जमवते आहे. त्यातही जीव जडला आहे तो एका दुर्लक्षित प्रकारावर : हाताने काढलेल्या व्यक्तिचित्रांचे त्या काळी घेतलेले फोटो. लोक मला कार्डांची छायाचित्रं पाठवून प्रश्न विचारतात आणि बहुतेक प्रश्न फिरून फिरून तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे.

चित्राचा फोटो म्हणजे नेमकं काय?

चित्रकाराने माणसाला समोर बसवलं आणि खडूने, कोळशाने किंवा पेन्सिलीने त्याचा चेहरा कागदावर उतरवला. पुढे कधीतरी, कधी वीस-तीस वर्षांनीसुद्धा, कुणीतरी ते चित्र फळीवर टाचून त्याच्यासमोर कॅमेरा लावला. काचेची एक निगेटिव्ह तयार झाली की तिच्यावरून पाहिजे तेवढ्या प्रती निघत. त्या पुठ्ठ्यावर चिकटवून दुकानात विकल्या जात आणि लोक त्या घरच्या अल्बममध्ये आजी-आजोबांच्या शेजारी लावत.

हातात येतो तो कागद खराखुरा फोटोच असतो. फक्त कॅमेऱ्यासमोर माणूस नव्हता, कागद होता. सगळे घोटाळे या एका गोष्टीतून होतात.

कॅमेरा आलेला असताना चित्राचा फोटो का काढायचा?

कारण माणूस तोवर गेलेला असे. फोटोग्राफीची घोषणा झाली 1839 मध्ये. नेपोलियन 1821 मध्ये गेला, बायरन 1824 मध्ये, गटे 1832 मध्ये. तिघांचीही फोटोकार्डं मिळतात आणि तिघांचीही चित्रांवरून किंवा छापील तसबिरींवरून काढलेली आहेत. दुसरी वाटच नव्हती.

मागणी वाढली ती कार्डाच्या आकारामुळे. पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने 1854 मध्ये एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो, पुठ्ठ्यासकट साधारण 6 सेंटीमीटर बाय 10 सेंटीमीटर. 1860 मध्ये मेयॉल या फोटोग्राफरने इंग्लंडच्या राजघराण्याची अशी कार्डं विकायला काढली आणि तिथे लोक कार्डांमागे अक्षरशः वेडे झाले. अल्बममध्ये राणी लागली, मग आवडता कवी पाहिजे, धर्मगुरू पाहिजे, कादंबरीकार पाहिजे. जिवंत असेल त्याला स्टुडिओत बोलवायचं, गेलेला असेल तर त्याचं चित्र शोधायचं.

माझ्याकडे शार्लट ब्राँटेचा फोटो आहे. तो खरा आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

‘जेन आयर’ची ही लेखिका 31 मार्च 1855 रोजी, वयाच्या 38व्या वर्षी गेली. त्याआधी, जून 1850 मध्ये, ती लंडनला आली असताना तिच्या प्रकाशकाने, जॉर्ज स्मिथने, जॉर्ज रिचमंड या नामांकित चित्रकाराकडून तिचं खडूचं व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि ते तिच्या गावी, हॉवर्थला, तिच्या वडिलांना भेट पाठवलं. रिचमंडच्या आठवणीनुसार पूर्ण झालेलं चित्र पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चित्रातला चेहरा तिला आपल्या धाकट्या बहिणीसारखा, ॲनसारखा वाटला. ॲन जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. घरची म्हातारी मोलकरीण टॅबी मात्र अडून बसली, की यात आमची शार्लट वयाने मोठी दिसते, हे काही तिच्यासारखं नाही.

शार्लट गेल्यावर एलिझाबेथ गॅस्केलने तिचं चरित्र लिहायला घेतलं. चरित्राला चेहरा हवा होता आणि तो हॉवर्थच्या त्या घरात भिंतीवर होता. 1857 मध्ये चरित्र आलं तेव्हा सुरुवातीला रिचमंडच्या चित्रावरून धातूच्या पत्र्यावर कोरलेली तसबीर छापली होती. मूळ चित्र नवऱ्याकडे, आर्थर बेल निकल्सकडे राहिलं. 1906 मध्ये त्याच्या मृत्युपत्रानुसार ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलं आणि आजही तिथेच आहे.

आता तुमच्या कार्डाकडे वळू. इंग्लंडात कार्डांची लाट आली 1860च्या सुमारास, म्हणजे शार्लट जाऊन पाच वर्षं झाल्यावर. तेव्हा तुमच्या कार्डावरचा चेहरा रिचमंडच्या चित्रातला असेल, म्हणजे मधोमध भांग, कानांवरून खाली उतरलेले केस, किंचित वळलेली मान आणि मोठे डोळे, तर ते चित्राचं किंवा त्या छापील तसबिरीचं कार्ड आहे. एक शक्यता उरते, की आधीच्या एखाद्या फोटोवरून कुणी नंतर कार्ड केलं असेल. तसा दावा झालेलाही आहे. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत एका कार्डावरून घेतलेली काच निगेटिव्ह आहे. ती शार्लटची म्हणून गाजली, पण पुढे अभ्यासकांनी पुरावे देऊन मांडलं की त्यातली बाई शार्लटची मैत्रीण एलन नसी आहे. म्हणून कुणी “शार्लटचा अस्सल फोटो” म्हणून हजारो रुपये मागू लागलं की आधी रिचमंडचं चित्र शेजारी ठेवून पाहा.

मी स्वतः असंच एक कार्ड घेतलं होतं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, “प्रत्यक्ष बसवून घेतलेला फोटो”. पाकीट उघडून भिंग लावलं तर गालावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली. माणसाच्या गालावर अशी जाळी नसते. ती कोरणाऱ्याच्या हत्याराची होती. म्हणजे चित्रावरून तसबीर, तसबिरीवरून फोटो, फोटोवरून माझं कार्ड. शार्लटपासून मी चार पायऱ्या लांब उभी होते. पैसे परत मिळाले नाहीत. पण कार्ड मी ठेवून घेतलं, आणि आज ते माझं सगळ्यात लाडकं आहे.

फोटो माणसाचा आहे की चित्राचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, खिडकीशी बसा आणि चेहऱ्याला शेवटी हात घाला. आधी कपडे बघा. माणसाच्या फोटोत कापडाचं विणकाम, बटणाची चमक, लेसची भोकं सापडतात. चित्रकार मात्र चेहऱ्यावर जीव ओततो आणि खांद्याच्या खाली आल्यावर चार रेघांत कपडा उरकतो. कॉलर नुसती सुचवलेली आहे आणि बाही मध्येच हवेत विरली आहे असं दिसलं, तर समोर कागद होता.

मग केस. फोटोत सुटे केस वेडेवाकडे उडालेले असतात, हलले असतील तर धूसर होतात. चित्रात केसांची बट म्हणजे खडूचा एक फटकारा असतो, सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळता.

त्यानंतर पार्श्वभूमी. स्टुडिओत खुर्ची असते, पडदा असतो, माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लावलेल्या लोखंडी टेकूचा पाय कधी कधी बुटांमागून डोकावतो. चित्राच्या फोटोत मागे नुसता कागद असतो, आणि कागद स्वतःची ओळख लपवू शकत नाही. त्याचा खरखरीत पोत दिसतो, ओल लागून आलेला फुगवटा दिसतो, डाग दिसतात, कधी कोपऱ्यातल्या टाचणीची सावलीसुद्धा. माझ्याकडच्या एका पाद्र्याच्या कार्डावर उजव्या कानाच्या वर तांदळाच्या दाण्याएवढा काळा ठिपका आहे. कितीतरी दिवस मी तो तीळ समजत होते. तो मूळ कागदावरचा बुरशीचा डाग निघाला.

एक इशारा. कडा विरघळत गेलेल्या, धुक्यातून वर आल्यासारखा चेहरा दिसणाऱ्या फोटोला लोक लगेच “चित्र” म्हणतात. तशी फॅशन खऱ्या फोटोंतही जोरात होती. नुसत्या विरलेल्या कडांवरून निकाल देऊ नका.

फोटो मूळ चित्राचा आहे की छापील तसबिरीचा?

पुन्हा भिंग. खडूची रेघ कागदाच्या उंचवट्यांवर बसते आणि खळग्यांत पांढरं सोडते, त्यामुळे ती तुटक, रवाळ दिसते. पत्र्यावर कोरलेली रेघ स्वच्छ, सलग, टोकदार आणि शिस्तीत असते. सावलीची जागा समांतर रेघांनी किंवा बारीक ठिपक्यांनी भरलेली दिसली तर ती छापील तसबीर.

त्रास देतं ते शिळाछापाचं चित्र. तिथे चित्रकार दगडावर तेलकट खडूनेच काढतो, म्हणून रवा अगदी खडूसारखाच दिसतो. अशा वेळी खालची कड बघा. तसबिरीखाली छापलेलं नाव किंवा छापखान्याचं नाव फोटोग्राफरने कापून टाकलेलं असतं, पण घाईत एखाद्या अक्षराचं डोकं उरतं.

बाजू उलटलेली असेल तर तोही पुरावा. कोरणारा चित्र पत्र्यावर जसंच्या तसं उतरवतो तेव्हा छापताना डावं-उजवं बदलतं. चांगले कारागीर आरसा लावून हे टाळत, सगळेच नाही. मूळ चित्र डावीकडे बघत असेल आणि कार्ड उजवीकडे, तर मध्ये छपाईची एक पायरी आहे असं समजायला हरकत नाही.

डागेरोटाइप आणि टिनटाइपमध्येही चित्रांच्या प्रती केल्या जात का?

हो. तिथे ओळखणं आणखी सोपं. या दोन्ही प्रकारांत निगेटिव्ह वेगळी नसते, कॅमेऱ्यातला पत्राच थेट फोटो होतो, त्यामुळे प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते. चित्रकाराची सही उलटी वाचता आली तर शंका संपली.

फोटोत गाल इतके काळवंडलेले का दिसतात?

मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त गुंगवून टाकणारा प्रश्न हाच आहे.

त्या काळच्या निगेटिव्हला रंग आपल्यासारखे दिसत नव्हते. इंग्लंडच्या आर्चरने 1851 मध्ये प्रसिद्ध केलेली कलोडियनची (एका चिकट रासायनिक द्रवाचा लेप दिलेली) ओली काच निळ्या-जांभळ्या प्रकाशाला चटकन भुलायची. लाल आणि पिवळा तिला जवळपास अंधारच. म्हणून निळा खडू फोटोत पांढरा पडतो आणि गालावरची गुलाबी झाक काळपट छाया होते. ओठांवर लाल खडू फिरवला असेल तर ओठ शाई लागल्यासारखे येतात. कागद जुना होऊन पिवळा पडला असेल तर सगळी पार्श्वभूमी खाली बसते, आणि डोळ्यांना जेमतेम जाणवणारे तपकिरी डाग फोटोत ठसठशीत उमटतात. माझ्या पाद्र्याच्या “तिळा”चं रहस्य हेच.

उलट, बदामी कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काढलेलं चित्र फोटोत मूळाहून नाट्यमय होतं. कागद गडद होतो, कपाळावरचा आणि नाकाच्या शेंड्यावरचा पांढरा खडू उजळून उठतो. चित्रकाराने हळुवार ठेवलेला प्रकाश फोटोत दिव्यासारखा दिसतो. म्हणून फोटो बघून “हा चित्रकार भडक होता” असं मत बनवू नका.

फोटोग्राफरांना हे ठाऊक होतं. ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गाल उजळत. रंगीत तैलचित्र असेल तर त्यावरून केलेली काळी-पांढरी प्रत किंवा छापील तसबीरच कॅमेऱ्यासमोर ठेवत. 1873 मध्ये बर्लिनच्या फोगेलने दाखवलं की काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. ही सुधारणा रोजच्या कामात यायला आणखी काही वर्षं गेली.

हे फोटो काढत कसे?

चित्राची काच-चौकट काढायची, नाहीतर आकाशाचं प्रतिबिंब पडतं. चित्र फळीवर सरळ टाचायचं. कॅमेरा त्याच्या बरोबर समोर, तंतोतंत समांतर लावायचा. जरा तिरका लागला की चेहरा एका बाजूला निमुळता होतो. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा, म्हणून काम पुष्कळदा उघड्यावर चाले. मग काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो घेऊन, धुऊन मोकळं व्हायचं. हाताशी वेळ काही मिनिटांचाच. बसलेला माणूस कंटाळतो, हलतो. चित्र हलत नाही, एवढंच सुख.

प्रती निघत त्या अल्ब्युमेन कागदावर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर. तो निगेटिव्हखाली उन्हात ठेवला की प्रतिमा आपोआप उमटे. मग सोन्याच्या क्षाराने रंग खुलवायचा, हायपो या रसायनात प्रतिमा पक्की करायची, धुवायची आणि पुठ्ठ्यावर चिकटवायची. आज या प्रती पिवळट दिसतात ते त्या अंड्याच्या थरामुळे.

मूळ चित्रकारांना हे चालायचं का?

काहींना आवडायचं, कारण एरवी एका दिवाणखान्यात अडकलेलं चित्र घरोघर पोचायचं. नाराज असायचे ते तसबिरी छापणारे प्रकाशक. कोरीव तसबिरीवर कारागिराचे महिने जात आणि ती महाग विकली जाई. तिचाच फोटो काढून कुणी शिलिंगभर किमतीला विकला की प्रकाशकाचा धंदा बुडे. ब्रिटनमध्ये 1862च्या कायद्याने चित्रं, रेखाटनं आणि फोटो यांना निर्मात्याच्या हयातीत आणि पुढे सात वर्षं संरक्षण मिळालं, मात्र स्टेशनर्स हॉलमध्ये नोंद करावी लागे. तरी चोरटी कार्डं निघत राहिली. फोटोग्राफरचं नावच नाही अशी कार्डं दिसतात त्यातली काही याच गोत्रातली असावीत, असं मला वाटतं.

माझ्याकडे लाल खडूचं मूळ चित्र आहे, पण जाणकार म्हणतात तो फोटो आहे. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे. यात तुमची नजर कमी पडली असं समजू नका, भल्याभल्यांची पडली आहे. चांदीऐवजी रंगाची पूड आणि जिलेटिन वापरून केलेल्या कार्बन प्रतीची पद्धत इंग्लंडच्या जोसेफ स्वानने 1864 मध्ये कामाला येईल अशी केली. यात रंग आपल्या मर्जीचा घेता येतो. आल्सासमधल्या डॉर्नाखच्या आडोल्फ ब्राउनने 1860च्या दशकात युरोपातल्या संग्रहालयांतली रेखाटनं याच पद्धतीने छापायला घेतली. लाल खडूचं चित्र लाल रंगात, तपकिरी शाईचं तपकिरीत. शिवाय या प्रती फिक्या पडत नाहीत. दीडशे वर्षांनी चौकटीत बघितलं तर ते हाताने काढलेलं चित्रच वाटतं. प्रखर उजेड बाजूने टाका. खडूचे कण कागदावर बसलेले दिसतात, आणि कार्बन प्रतीत गडद भागाला जिलेटिनचा किंचित उठाव आणि चमक असते.

आपल्याकडे असे फोटो निघाले का?

मुंबईत फोटोग्राफी लवकर रुजली. 1854 मध्येच तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक फोटोग्राफर पुढे आले. माणसं होती, साधनं होती.

तुमच्या घरातल्या जुन्या “फोटो”ला लावायची कसोटी मात्र तीच, तारखेची. नाना फडणवीस 1800 मध्ये गेले, यशवंतराव होळकर 1811 मध्ये. त्यांचा फोटो म्हणून जे काही फिरतं तो चित्राचाच फोटो. 1857-58च्या धामधुमीतल्या व्यक्तींबद्दल मात्र नुसत्या तारखेवरून बोलू नका. तेव्हा कॅमेरा देशात आलेला होता. तिथे कार्ड, कागद आणि हातोहात आलेला इतिहास तिन्ही तपासावे लागतात.

आपल्या वाड्यांमधून आणि चाळींमधून जास्त सापडतो तो याच्या उलटा प्रकार. पासपोर्टएवढ्या फोटोवरून फिकं एन्लार्जमेंट करायचं आणि त्यावर कोळशाने किंवा क्रेयॉनने फिनिशिंग करून घ्यायचं. पणजोबांची पगडी, पणजीची नथ आणि चंद्रकोर फिनिशिंगवाल्याच्या हातची, चेहरा मुळात कॅमेऱ्याचा. भिंतीवर हार घातलेली ती मोठी तसबीर चित्र वाटते. चौकटीतून काढून डोळ्यांच्या कोपऱ्यात भिंग लावलं की खालचा फोटो सापडतो.

कार्ड कोणत्या काळातलं ते कसं समजेल?

पातळ पुठ्ठा आणि चौकोनी कोपरे असतील तर बहुधा 1860चं दशक. जाड पुठ्ठा आणि गोल कोपरे पुढचे. अमेरिकन कार्डामागे कराचं तिकीट असेल तर ते 1864 ते 1866 मधलं, कारण तो कर तेवढीच वर्षं होता. लक्षात ठेवा, ही तारीख कार्डाची झाली. चित्र त्याहून कितीतरी जुनं असू शकतं.

म्हणजे चित्राच्या फोटोला किंमत नाही का?

बाजारात कमी आहे. पण मूळ चित्र हरवलं, जळलं किंवा उजेडात फिकं पडलं तर त्याचं जुनं रूप या कार्डातच उरतं. पुढच्या कुणी दुरुस्तीच्या नावाखाली डोळे पुन्हा गिरवले असतील, कागद कडेने कापला असेल, तर त्याआधीची अवस्थाही इथेच सापडते. आणि 1865 मध्ये यॉर्कशरमधल्या एखाद्या मुलीने शार्लटचा जो चेहरा अल्बममध्ये लावला, तो नेमका हाच. आज संग्रहालयात असलेलं मूळ चित्र तिने बघितलंच नव्हतं.

ही कार्डं सांभाळायची कशी?

पाणी लावू नका, पुसू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. अंड्याचा थर ओला झाला की त्याला बारीक भेगा पडतात आणि त्या परत जुळत नाहीत. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या भिंतीला टेकवू नका. बघण्यासाठी 1200 डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. जुन्या अल्बमला चिकटलेलं कार्ड ओढून काढू नका, पानासकट ठेवा.

आणि फ्रेमवाल्याकडे देताना समोर उभे राहा. माझ्या एका कार्डाच्या पाठीला एका दुकानात फेव्हिकॉल लावून ते माउंटवर पक्कं बसवलं. पाठीवर पेन्सिलीने कुणाचं तरी नाव लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं, पण उतरवून ठेवलं नव्हतं. तुमच्या कार्डामागे काहीही लिहिलेलं असलं, अर्धवट अक्षर असलं तरी, आजच वहीत लिहून ठेवा.